बुरुलच्या कार्डाची मुदत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाटाच्या मोजपट्टीवर पाणी एकवीस सेंटिमीटरवर आले, तेव्हाच मुकाशने ओळखले की यंदा पाण्याची पाळी सात तासांची राहणार नाही. तलास नदीच्या या डाव्या पाटावर त्याने पंचवीस वर्षे पाणी मोजण्याची नोकरी केली होती. त्या नोकरीसाठी फ्रुंझेच्या तंत्रनिकेतनात तीन वर्षे काढली होती. नोकरी गेली, त्या शहराचे नावही बदलले. पण रोज सकाळी पट्टीपाशी जायचे आणि आकडा वहीत टिपायचा, ही सवय मात्र राहिली.

घेवडा फुलावर होता. सऱ्यांमधली माती वरून पांढरी पडली होती आणि फावडे घातले की तिचे पापुद्रे निघत होते. मुकाश वाकून तण काढत होता. कमरेत डाव्या बाजूला कळ होती. प्रत्येक सरीच्या शेवटी तो गुडघ्यावर हात टेकून ती दहा श्वासांत जिरवीत असे आणि पुढची सरी धरत असे.

"मुकाश!"

शेताच्या वरच्या टोकाला बुरुल उभी होती. त्याने फावडे थांबवले नाही.

"मुकाश! ए मुकाश!"

तिसरी हाक कानावर पडेपर्यंत तो वाकलेलाच राहिला. मग सावकाश उभा राहून त्याने कपाळाचा घाम पुसला.

"कान गेले का तुझे?" बुरुल ओरडली.

"ऐकू आलं. काय आहे?"

"आयरान आणलंय. तापून जाईल."

आक-जार गावात कोणतीही बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. सासऱ्याचे नाही, दिराचेही नाही. 'हे', 'घरचे', 'पोरांचे वडील' एवढ्यावर त्या सगळा जन्म भागवीत. फक्त बुरुल दुसऱ्या नवऱ्याला भर शेतात नावाने हाक मारी. दोघे शाळेत एकाच वर्गात होते, म्हणून पहिल्या वर्षी गाव हसले. "यांची शाळा अजून सुटली नाही वाटतं," असे पाटावर कोणीतरी म्हणाले, आणि मुकाशही हसला. दुसऱ्या वर्षापासून त्याला हसू येईना. कारण पहिल्या नवऱ्याशी, अक्मतशी, बुरुलने अठरा वर्षे संसार केला आणि त्याचे नाव एकदाही तोंडातून काढले नाही. तो नदीत गेल्याला चौदा वर्षे झाली, तरीही काढले नाही. अक्मत अजून 'ते' होता. मुकाश 'तू' होता. ही नोंद त्याने वहीत कधी केली नाही, पण ती कुठल्याही आकड्यापेक्षा पक्की होती. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, एवढेच उट्टे त्याला काढता येत होते, आणि तो ते नेमाने काढत होता.

दोघे बांधावर बसून ताकासारखे आंबट आयरान पीत होते, तेव्हा घोड्यावरून शारशेन आला. शारशेन अक्मतचा धाकटा भाऊ. यंदा तो पाटकरी होता. कोणाच्या शेताला केव्हा आणि किती वेळ पाणी सोडायचे, ती यादी त्याच्या खिशात असे. त्याचे शेत आणि बुरुलच्या वाट्याचे हे शेत यांच्यामध्ये एकच बांध होता.

"वहिनी, बऱ्या आहात ना?" तो घोड्यावरूनच म्हणाला.

वहिनी! दहा वर्षांपूर्वी ती त्या घरातून निघून आली, तरी हा अजून वहिनीच म्हणतो. मुकाशने वाटी तोंडाला लावून धरली.

"बरी आहे भावजी. उतरा, घोटभर घ्या."

"उतरत नाही. तुमची पाळी शुक्रवारी दुपारी एकला. चार तास."

"चार?" मुकाश म्हणाला. "चार तासांत खालच्या सऱ्या भिजायच्या नाहीत. सेकंदाला वीस लिटर धरलंस तरी–"

"लिटर तुम्ही धरा, मी घड्याळ धरतो," शारशेन हसला. मग बुरुलकडे वळला. "आणि वहिनी, ओळखीचं कार्ड बघा तुमचं. पाणी-संघानं यंदा नियम केलाय, मुदतीतलं कार्ड असल्याशिवाय पाळी द्यायची नाही. गेल्या साली मेलेल्या माणसांच्या नावावर लोकांनी पाणी नेलं. तुमची तारीख गुरुवारची आहे."

"तुला कशी ठाऊक तिची तारीख?" मुकाशने विचारले.

"यादीत आहे की. बाल्ताबायेवा बुरुल. आमच्याच घरचं नाव, डोळा आधी तिथंच जातो."

घोडा गेला. त्याच्या टापांची धूळ घेवड्याच्या फुलांवर बसली. मुकाशला ती तारीख कोणी सांगायची गरज नव्हती. दहा वर्षे तो तिच्याकडे डोळे लावून बसला होता.

लग्नाची नोंद करायला दोघे तालुक्याला गेले होते, तेव्हा नोंदणीच्या बाईने विचारले होते, "आडनाव तेच ठेवणार की नवऱ्याचं लावणार?" मुकाशने श्वास रोखला होता. बुरुलने जाकिटाच्या खिशातून कार्ड काढले होते. एक महिन्यापूर्वीच ते मिळाले होते, कोरे करकरीत. "राहू दे," ती म्हणाली होती. "आत्ताच काढलंय. दहा वर्षांचं आहे. संपेल तेव्हा बघू."

संपेल तेव्हा बघू. एवढ्या शब्दांवर त्याने दहा वर्षे काढली होती. बुरुल बेकबोयेवा! फावडे मारताना त्या लयीत तो आपले आडनाव लावलेले हे नाव मनात म्हणून बघत असे.

तालुक्यातल्या कार्डांच्या कार्यालयाच्या भिंतीवर नियमांचा कागद लावलेला होता. मुकाशने तो वहीत उतरवून घेतला होता. नागरिकाने कार्ड केव्हा बदलावे: एक, मुदत संपल्यास, दोन, नाव किंवा आडनाव बदलल्यास, तीन, नोंदीत चूक आढळल्यास, चार, कार्ड खराब झाल्यास अथवा हरवल्यास. यातल्या चौथ्या नियमाने तीन वर्षांपूर्वी त्याची झोप उडवली होती. दहा वर्षे थांबायचे कशाला? बुरुल मुलीकडे बाळंतपणाला गेली होती तेव्हा त्याने डब्यातून तिचे कार्ड काढले, लोखंडी चुलीच्या पायाखाली ठेवले आणि वर कोळशाची पाटी ठेवली. चार दिवसांनी काढले तर कार्डावर ओरखडासुद्धा नव्हता. बाल्ताबायेव घराणे असेच चिवट. कार्डावरच्या फोटोत बुरुल सरळ समोर बघत होती, ओठ मिटून. हा फोटो लग्नाच्या एक महिना आधीचा. म्हणजे या फोटोतली बाई अजून अक्मतचीच होती, आणि ती मुकाशकडे बघत होती. त्याने कार्ड पुसून पुन्हा डब्यात टाकले होते.

मंगळवारी संध्याकाळी चहा ओतताना त्याने विषय काढला.

"उद्या तालुक्याला जाऊ. नावाचं काय करायचं?"

"कुठल्या नावाचं?"

"कार्डावरच्या."

बुरुलने नान मोडून त्याच्यापुढे ठेवली. "तिथं काय म्हणतात ते बघू."

"ते काय म्हणणार? आपण सांगायचं असतं."

"चहा निवतोय तुझा," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी त्याने दाढी केली. लग्नातले तपकिरी जाकीट घातले. बुरुल दारातून म्हणाली, "फोटो माझा काढणार आहेत, तुझा नाही." लग्नाच्या नोंदीचा दाखला, शेताचा कागद, जुन्या कार्डाची प्रत, सगळे त्याने क्रमाने लावून पिशवीत ठेवले होते.

कार्यालयात गर्दी होती. घेवड्याच्या पट्ट्यातली सगळी गावे पाण्याच्या नियमापायी तिथे येऊन बसली होती. उन्हाने भाजलेल्या माना, नखांत माती, हातात कागद. अडीच तासांनी त्यांचा नंबर लागला. काचेपलीकडे एक पोरसवदा मुलगी बसली होती, गळ्यात ओळखपत्र, समोर झिजलेला कीबोर्ड.

"काय कारण बदलायचं?"

"मुदत संपतेय," मुकाश पुढे झाला. "एक नंबर. आणि त्याचबरोबर दोन नंबर. आडनाव बदलायचंय. बेकबोयेवा. हा लग्नाचा दाखला."

मुलीने दाखला वाचला. "आजोबा, यात तर लिहिलंय, लग्नानंतर आडनाव पूर्वीचंच."

"होय. ते तेव्हा. आता कार्ड संपलं, म्हणून आता नवं."

"असं होत नाही. मुदत संपली की आहे तेच नाव नव्या कार्डावर येतं. आडनाव बदलायचं तर आधी नोंदणीत अर्ज करा. ते छाननी करतात, महिना-दीड महिना लागतो. त्यांचा दाखला मिळाला की मग कार्ड बदला. आणि शेताचा कागद, पेन्शन, सगळंच बदलावं लागेल मग."

"पण नियम आहे. नाव बदलल्यास कार्ड बदलावे."

"हो. नाव बदललं तर कार्ड. कार्ड बदललं म्हणून नाव नाही." ती चिडली नव्हती; दिवसभर लोकांना तेच तेच समजावून ती दमली होती. "आज अर्ज केलात तर शुक्रवारी हातात काहीच नसेल. पाण्यासाठी आलात ना तुम्ही पण?"

मागे कोणीतरी खाकरले. मुकाशला कान गरम झाल्यासारखे वाटले. आयुष्यभर नियम वाचून दाखवणारा माणूस तो. पाटावर शेतकऱ्यांची भांडणे लागली की कलम काढून पुढे ठेवणारा. आणि एवढे एक कलम त्याने दहा वर्षे उलटे वाचले होते.

"मुदतीचंच करा, पोरी," बुरुल मागून म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. फोटो काढताना तिने ओठ मिटले, अगदी तसेच.

"आता पडद्यावरच्या नोंदी वाचून बरोबर आहे म्हणा," मुलीने पडदा तिच्याकडे वळवला. "मोठ्यानं वाचा. सगळे नुसती मान हलवतात आणि नंतर चूक निघाली की पुन्हा फेरे."

"बरोबर आहे."

"वाचा ना आजी. आडनाव?"

बुरुलने पडद्याकडे बघितले. बाल्ताबाय म्हणजे अक्मतचा बाप, तिचा पहिला सासरा. ते नाव तिच्या जिभेवर कधीच आले नव्हते. दहा वर्षांपूर्वीही तिने कार्डच पुढे केले होते.

"लिहिलंय ते बरोबर आहे," ती पुन्हा म्हणाली.

"वाचता येत नाही का तुम्हाला?"

"दहावी झालीय माझी."

"मग वाचा. रांग बघा किती आहे."

बुरुलने बोटाने पडदा पुन्हा मुलीकडे वळवला. रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांना समजले होते. एकीने डोईच्या रुमालाआड तोंड नेले. मुकाश ते सगळे पाहत होता. म्हणजे ती अजून त्या घरचीच सून! एक नाव उच्चारायचे नाही म्हणून भर कचेरीत अडाणी ठरायला तयार! आणि त्याच तोंडाने 'ए मुकाश' म्हणते, जशी वासराला हाक मारावी!

पण मागची रांग पुढे सरकू लागली होती आणि मुलीने बोट पुढच्या नंबरच्या बटणावर आणले होते.

"बाल्ताबायेवा," मुकाश म्हणाला. आवाज घोगरा आला, म्हणून त्याने पुन्हा म्हटले. "बाल्ताबायेवा. लिहा. बरोबर आहे."

"तुम्ही कोण?"

"नवरा."

"तुमचं आडनाव?"

"बेकबोयेव."

मुलीने एकदा पडद्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितले, आणि पावतीवर शिक्का मारला. कार्ड दहा दिवसांनी; तोवर पाण्यासाठी ही पावती चालेल. पुढची मुदत दहा वर्षांची. मुकाशने मनात आपल्या वयाची बेरीज केली: सदुसष्ट.

गावाकडची गाडी भरायला वेळ होता. दोघे रस्त्याकडेच्या चिनाराखाली उभे राहिले. बुरुलने पिशवीतून वाळवलेल्या दह्याचे कुरूत काढून त्याच्यापुढे धरले. त्याने घेतले नाही.

"माझ्याकडून वाचून घेतलंस," तो म्हणाला.

"तू वाचलंस."

"दुसरं काय करणार? मेलेल्याचं नाव राखायचं तुला. तो 'ते', त्याचा बाप 'थोरले', त्याचा भाऊ 'भावजी'. आणि मी? मी मुकाश! अख्ख्या गावात एक बाई दाखव जी नवऱ्याला अशी हाक मारते. माझ्या मागे लोक काय म्हणतात माहितेय? म्हणतात, नवरा तो होता, हा आपला शाळासोबती."

"असं म्हणतात?"

"मी म्हणतो!" तो म्हणाला, आणि आवाज चढला म्हणून इकडेतिकडे बघितले.

बुरुलने कुरूत पुन्हा पिशवीत टाकून पिशवीची गाठ मारली.

"त्या दिवशी ते ट्रॅक्टर घेऊन नदीत उतरले होते," ती म्हणाली. "पलीकडे जायच्या उतारावर. असाच जून, पण पाणी फार. चार ट्रॅक्टर होते, चार माणसं. मी काठावर जेवण घेऊन उभी. वरून झाड येताना मला दिसलं, मुळासकट. त्यांची पाठ होती."

ही हकीगत गावाला ठाऊक होती. ती काठावर होती, एवढीच.

"मी ओरडले. 'अहो, अहो!' म्हणून ओरडले. तिघांनी वळून बघितलं, त्यांनी नाही. कुणाला म्हणते ते त्यांना कसं कळणार? नाव ओठापर्यंत आलं होतं, मुकाश. अठरा वर्षं अडवलेलं, ते त्या दिवशीही अडलं. 'अहो'च म्हणत राहिले मी. झाड लागलं तोवर."

गाडीवाला हाका घालत होता, दोन जागा आहेत, दोन. ती हलली नाही.

"तुझ्या घरी आले तेव्हाच ठरवलं, याला नावानं हाक मारायची. लोकांनी हसू दे. लांबून मारायची, मोठ्यानं मारायची, रोज मारायची, म्हणजे जीभ तयार राहील. आणि तू तिसऱ्या हाकेला मान वर करतोस. दहा वर्षं. मला वाटायचं ऐकू कमी येतं तुला. मी मुलीला पण सांगितलं, डॉक्टरला विचार म्हणून."

मुकाशचे कान खरेच तापले होते.

"मग ते आडनाव?" त्याने विचारले. विचारायचे नव्हते, तरी विचारलेच.

"राहू दे की. कागदावर आहे. शेताचं पाणी त्यावर येतं." ती गाडीकडे निघाली. "मी कधी उच्चारलंय ते? आज तूच उच्चारलंस."

शुक्रवारी सकाळी पट्टीवर पाणी एकोणीस होते. मुकाशने आकडा टिपला. दुपारी एकला शारशेन पाटाच्या दारापाशी येऊन उभा राहिला, एका हातात यादी, दुसऱ्यात घड्याळ.

"बाल्ताबायेवा!" त्याने रीतीप्रमाणे पुकारले.

त्या नावाला बुरुलने कधीच ओ दिली नव्हती. ते आडनाव ऐकले की येणारी तीच जुनी कळ मुकाशच्या छातीत आली, कमरेतल्या कळेइतकीच नेमकी. परवाच्या बोलण्यानंतर ती जाईल असे त्याला वाटले होते. ती गेली नव्हती. त्याने खिशातून पावती काढली आणि पुढे केली.

"आहे," तो म्हणाला. "सोड पाणी."

शारशेनने पावती वाचली, त्याच्याकडे पाहिले आणि दाराची फळी उचलली. पाणी पाटातून सरीत शिरले, पुढे कोरडा पाचोळा ढकलत. मुकाश बूट काढून सरीत उतरला. चार तास त्याला वाकूनच राहायचे होते. एका सरीला सोळा मिनिटे, मग मातीने तोंड बांधायचे आणि पुढची फोडायची. गार पाणी घोट्यांवर चढले. तो खालच्या, लांबच्या सऱ्यांकडे सरकत गेला. वरचा बांध आणि घोडा मागे लहान होत गेले. पाण्याचा आवाज कानांत भरला.

साडेचारला तो शेवटून तिसऱ्या सरीचे तोंड बांधत होता. चिखलाचे फावडे दोन्ही हातांत वर उचललेले होते. ते मध्येच सोडले असते तर बांध फुटला असता.

"मुका–"

"ओ!" तो ओरडला. फावडे हातातून सुटले, माती भलतीकडे पडली, पाणी बांधावरून वाहू लागले. "ओ! आहे! इथं आहे मी!"

वरच्या टोकाला बुरुल हातात किटली घेऊन उभी होती. ती पुढचे शब्द विसरली असावी. तिच्या शेजारी घोड्यावर बसलेला शारशेन खाली वाकून तिला काहीतरी विचारत होता, आणि ती मुकाशकडेच बघत होती.

"चहा!" शेवटी तिने ओरडून सांगितले.

"येतो!" मुकाश म्हणाला, आणि फुटलेल्या बांधावर दोन्ही हातांनी चिखल लोटू लागला.